पाणी गार करताना

"तुमचे हे काय करतात?" असं कुणी विचारलं की माझी बायको सरळ सांगायची, "माशांची बाळंतपणं करतात." ऐकणारा हसायचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. माशांना कसलं आलंय बाळंतपण? ते तर पाण्यात आपोआप होतात.

नाही होत. रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. तळ्यात सोडलेत तर वाढतील, गलेलठ्ठ होतील, माद्या पोटात अंडीही धरतील, पण घालणार नाहीत. पावसाळा सरला की ती पोटातल्या पोटात जिरून जातात. म्हणून आम्ही काय करायचो, तर दुसऱ्या माशाच्या मेंदूखालची एक ग्रंथी काढायचो. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असते ती. ती घोटून तिचं औषध करायचं आणि संध्याकाळी नराला आणि मादीला शेपटीच्या बुडाशी टोचायचं. मग ती जोडी हाप्यात सोडायची. हापा म्हणजे पाण्यात चार काठ्यांना उलटी बांधलेली कापडी मच्छरदाणीच. सगळं जमून आलं तर पहाटेला हाप्यात अंड्यांचा खच पडलेला असतो.

आमचं घर वाईचं. घाटावर राहून नदीतला मासा कधी ताटात न आलेलं. मी मत्स्यबीज केंद्रात नोकरीला लागलो तेव्हा आईनं एकच अट घातली, घरी आलास की आधी मागच्या अंगणात अंघोळ करायची, मग चौकटीच्या आत पाऊल. सुट्टीवर गेलो की थंडीतसुद्धा ही अंघोळ चुकली नाही. आणि गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची भेटली. औंधकडचे एक गृहस्थ देवळाच्या तळ्यात सोडायला मासे मागायला आले आणि हळूच म्हणाले, "शाकाहारी मिळतील का? देवीच्या समोरचं पाणी आहे." मी त्यांना रोहू दिले. रोहू शेवाळ आणि पाला खातो, हे त्यांना पटवून सांगितलं, तेव्हा समाधानानं गेले. अशा गोष्टी सांगायला पुष्कळ आहेत. पण दिवाळीच्या अंकासाठी लिहायचं ठरल्यावर मी कागद पुढे ओढला, तेव्हा त्यातली एकही पुढे आली नाही. आली ती दगडूआबांची. ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं खोटं होईल.

त्याआधी पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं.

कोंबडी अंड्यावर बसते आणि ऊब देते. माशाच्या अंड्यावर बसायला कुणी नाही. आई अंडी टाकते आणि निघून जाते. ऊब द्यायची ती पाण्यानं. पाणी सत्तावीस ते तीस अंशांच्या आसपास असलं, तर रोहूचं अंडं पंधरा-सोळा तासांत फुटतं. त्या अवधीत आत काय घडतं ते भिंगाशिवाय डोळ्यांनी दिसतं, कारण अंडं काचेसारखं पारदर्शक असतं. आधी एक ठिपका. मग तो ठिपका लांबट होतो. मग त्याला शेपटी फुटते, स्वल्पविरामासारखी. आणि मग एका क्षणी तो स्वल्पविराम आतल्या आत उसळी मारतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी ओरडलोच होतो.

पाणी गार पडलं तर हे सगळं रेंगाळतं, अंड्यांवर कापसासारखी बुरशी चढते आणि ती वाया जातात. पाणी तापलं तर उलट होतं. सगळं घाईघाईनं उरकतं. अंडी वेळेआधी फुटतात, पण बाहेर पडलेली पिल्लं पाठीत वाकलेली असतात, एकाच जागी भिंगरीसारखी फिरतात आणि तळाला जाऊन बसतात. आणि या दोहोंपेक्षा वाईट एक गोष्ट आहे. ती मी पुस्तकात वाचली होती. वाचून परीक्षाही पास झालो होतो.

आमचं केंद्र सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात, एका धरणाच्या पायथ्याशी होतं. दोन पत्र्याच्या खोल्या, वर एक मोठं तळं, खाली दोन लहान, आणि अंडी उबवायचा कमरेएवढ्या पाण्याचा दगडी हौद. धरणातून एक पाइप यायचा. ते पाणी धरणाच्या अगदी तळाचं, भर उन्हाळ्यातही हात बधिर करणारं. ते आधी वरच्या तळ्यात सोडायचं, दोन दिवस त्याला ऊन खाऊ द्यायचं, आणि मग पाटानं हौदात घ्यायचं, अशी रीत होती. पाइपाची एक फांदी थेट हौदातही उतरवली होती, पण ती फक्त हंगाम संपल्यावर हौद धुण्यासाठी. दोन्हीकडच्या चाव्या, म्हणजे पाणी सोडायचे व्हॉल्व्ह, दगडूआबांच्या ताब्यात.

दगडूआबा सांगलीच्या भोई आळीतले. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, डाव्या हाताची करंगळी जाळ्याच्या दोरीत सापडून तुटलेली. केंद्रावर रोजंदारीवर होते. मासे पकडणं, जाळी दुरुस्त करणं, चाव्या सांभाळणं, सगळं त्यांच्याकडे. हंगामाचे चार महिने ते केंद्रावरच राहायचे. त्यांची बायको सरूबाई सांगलीला घरी असायची. मी चोवीस वर्षांचा, प्रशिक्षण संपवून नुकता आलेला. मी त्यांना आबा म्हणायचो, ते मला सायेब म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मादी ओळखायला शिकवलं. तिच्या कल्ल्यामागच्या पंखावरून बोट फिरवून म्हणाले, "ही गुळगुळीत लागती न्हवं? बाई हाय. बाप्याचा पंख कानशीगत खरबरीत. डोळं झाका आन् सांगा." मी डोळे मिटून वीस मासे चाचपले, एकही चुकलो नाही. आबा एवढंच म्हणाले, "हात बरा हाय तुमचा."

त्या वर्षी जूनमध्ये बरा पाऊस झाला आणि जुलै लागताच उघडीप पडली. अशी पडली की दोन आठवडे आभाळात ढग नाही. वरचं तळं निम्म्यावर आलं. अंडी घालण्याजोग्या तयार माद्या मोजक्याच उरल्या होत्या. थांबावं म्हटलं तर त्यांची वेळ टळून गेली असती. आणि तिकडे कडेगावच्या बाजूचं एक गाव आमच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

त्या गावात बहात्तरच्या दुष्काळात एक पाझर तलाव झाला होता. दगड फोडले पुरुषांनी, पण बांधावरची माती वाहिली ती बहुतेक बायांनी, घमेली डोक्यावर घेऊन. त्या तलावात मासे सोडायचे म्हणून गावानं संस्था काढली. तिचे अध्यक्ष पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते महिन्यातून एकदा एसटीनं केंद्रावर यायचे, हौदाला एक फेरी मारायचे आणि विचारायचे, "पोझिशन काय आहे?" त्यांची पत्रंही तशीच यायची. 'आमचे सहा जवान डबे घेऊन हजर राहतील, कृपया वेळ कळविणे.' जवान म्हणजे गावातले चाळिशी उलटलेले शेतकरी. आबा त्यांच्यामागे हसायचे, पण त्यांच्यासाठी चहा स्वतः टाकायचे. पाझर तलावात पाणी फार तर फेब्रुवारीपर्यंत राहतं. जुलैत बीज पडलं नाही तर मासा वाढायला वेळच मिळत नाही, वर्ष फुकट जातं. आधीचं वर्ष असंच गेलं होतं.

म्हणून आम्ही उघडिपीतच औषध टोचलं. पहाटे अंडी पडली. इतकी पडली की आबा हाप्यात तांब्या बुडवायचे आणि तांब्याभर नुसती अंडीच यायची, जणू काचेचे मणी. उजाडायच्या आत आम्ही ती हौदातल्या हाप्यांमध्ये पसरली. मी सुभेदारांना शेजारच्या गावच्या पोस्टातून तार केली, परवा या.

सकाळी आठला पाणी एकोणतीस अंश होतं. मी नोंद केली. दहाला बत्तीस. अकराच्या सुमाराला मी बशीत थोडी अंडी घेतली आणि उजेडात धरली. आतले जीव हलत होते. माझ्या हिशेबानं ती हालचाल अजून दोन तासांनी दिसायला हवी होती.

"आबा, बघा, हलायला लागली!"

आबांनी बशी घेतली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली. "लवकर हलाय लागल्यात सायेब. हे बरं न्हवं."

"का? लवकर हलली म्हणजे जोमदार आहेत."

"जोम न्हाई ओ त्यो. पानी रेटतंय त्यास्नी. कवळं वासरू रानात पळवल्यागत. पाय मोडून घेतंय मग."

मी हसलो. पण एकला पाहिलं तर पारा चौतीसवर होता. वरच्या तळ्यातलं पाणी घ्यावं तर तेही उथळ, तेही तापलेलं. आबा म्हणाले, "घाबरू नगा. मी पल्याडच्या मळ्यातनं पाचट आन् निरगुडीच्या फांद्या आनतो. हौदावर सावली करू. गोनपाटं भिजवून टाकू. आन् धरनाचं पानी घ्यायचंच झालं तर पाटानं, करंगळीयेवढ्या धारंनं घेऊ. सांजंपातूर उतरंल दोन-तीन अंश. तेवढं बास हाय." आणि ते कोयता घेऊन गेले.

मी हौदाच्या काठावर बसलो. ऊन असं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. दर दोन मिनिटांनी थर्मामीटर बुडवत होतो. चौतीस. चौतीसच्या वर. अंड्यांमधले जीव वेड्यासारखे उसळत होते. मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं की ही सगळी पाठीत वाकणार. सुभेदार डबे घेऊन येणार. माझी परिवीक्षा त्याच महिन्यात संपत होती, कायम होण्याचा कागद साताऱ्यात मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. आबांना जाऊन फार तर अर्धा तास झाला असेल, पण मला तो सरता सरेना. चाव्या फिरवायचा दांडा खोलीत खिळ्याला टांगलेला होता. मी तो आणला आणि थेट हौदात पडणारी चावी पूर्ण उघडली.

धरणाच्या तळाचं पाणी धबाधबा हौदात पडायला लागलं. मी थर्मामीटर धरून उभा होतो. बत्तीस. एकोणतीस. सत्तावीस. पारा उतरत होता आणि मला बरं वाटत होतं, तापल्या लेकराच्या कपाळावरची पट्टी लागू पडल्यावर आईला वाटत असेल तसं. पंचवीसवर आला तेव्हा चावी बंद करावी म्हणून वळलो, तर ती गंजलेली चावी अडकली. दोन्ही हातांनी जोर लावला, फिरेना. पारा तेवीसवर गेला.

आबा डोक्यावर पाचटाचा भारा घेऊन येत होते. पाण्याचा आवाज त्यांनी लांबूनच ऐकला असावा. भारा टाकून पळत आले, मला बाजूला केलं, दांड्यावर दगड मारून चावी बंद केली. मग हौदात उतरले, हाप्यात हात घातला आणि तसेच उभे राहिले.

"चावी कुनी सोडली सायेब?"

आम्ही दोघंच होतो तिथं. तरी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आबा, पाणी फार तापलं होतं."

मी बशीत अंडी घेतली. आतले स्वल्पविराम होते, पण हलत नव्हते. एकही नाही.

तापलेल्या पाण्यातून अंडी हळूहळू निवली तर काही तरतात. पण दहा-अकरा अंशांचा झटका एकदम बसला, तर त्या वयात तो जीव सहन करू शकत नाही. हीच ती पुस्तकात वाचलेली तिसरी गोष्ट. साबुदाणा शिजला की पांढऱ्याचा काचेसारखा होतो. माशाचं अंडं मेलं की काचेसारख्याचं पांढरं होतं. पाच वाजेपर्यंत हापे पांढरे झाले. आबा एकेक हापा उचलून काठावर रिकामा करत होते आणि मी नुसता बघत होतो. एका कोपऱ्यातल्या हाप्यात थोडी अंडी फुटली. त्यातली पिल्लं वाकडी होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेली.

सुभेदार ठरल्या दिवशी सकाळी आले. सहा माणसं, बारा डबे, भाड्याचा टेम्पो. आबा समोर गेले नाहीत, मीच गेलो. मी सांगितलं की उन्हानं सगळं गेलं. 'उन्हानं' हा माझा शब्द.

सुभेदारांनी पोझिशन विचारली नाही. ते हौदाजवळ गेले, रिकामे हापे पाहिले, आणि म्हणाले, "एकही नाही?"

"नाही."

त्यांच्यातला एकजण म्हणाला, "बायांनी बांधावर नारळ आनून ठेवलाय. आता काय सांगावं त्यास्नी?" सुभेदारांनी त्याला हातानं गप्प केलं. जाताना त्यांनी डबे स्वतः टेम्पोत चढवले, एकेक, आवाज न करता, झोपलेल्या घरातून निघाल्यासारखे.

त्यांच्या संस्थेनं तक्रार केली, आणि ती रास्तच होती. आठवड्यानं साताऱ्याहून मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वर उत्तर द्यायचं होतं. माझ्या वहीतल्या नोंदी त्यांनी पाहिल्या. एकला चौतीस आणि दोनला तेवीस. त्यांनी चष्मा काढला. "हे उन्हानं होत नाही. थेट पाणी घेतलं. चावी कोणी उघडली?"

मी उभा होतो. आबा दाराशी उभे होते. मला सांगायचं होतं, हे मी आज छातीवर हात ठेवून म्हणू शकतो. पण सांगायला तोंड उघडायला लागतं, आणि ते उघडलं नाही. बाहेर तळ्यात एक मासा उसळून परत पडला तो आवाज मला ऐकू आला.

"मी सोडली सायेब," आबा म्हणाले. "लय तापलं हुतं पानी. मला वाटलं, निवंल."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. ते म्हणाले, "अहवाल तुम्ही लिहा. मी सही करतो." आणि मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेपासून बक्षिसं आहेत. त्या अक्षरात मी लिहिलं की रोजंदारी मजूर दगडू यांच्या हलगर्जीपणामुळे हंगामाचे मत्स्यबीज नष्ट झाले, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात यावे.

दुसऱ्या दिवशी आबा वळकटी बांधून निघाले. मी त्यांच्याबरोबर एसटीच्या फाट्यापर्यंत गेलो. फाट्यावर बाभळीखाली बसल्यावर मी विचारलं, "आबा, का केलंत असं?"

ते रस्त्याकडे बघत होते. "तुमी गेला तर दुसरा सायेब यील. त्यो पुन्ना पहिल्यापास्नं शिकंल. शिकता शिकता पुन्ना अंडी मारंल. तुमी आता मारनार न्हाई." मग म्हणाले, "मला काय, नदी हाय."

एसटी आली. मी वळकटी वर द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली आणि स्वतःच चढले.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून पाण्याच्या झटक्यानं अंडी मेली नाहीत. मी हौदावर कायमचं छप्पर घालून घेतलं. उन्हाच्या दिवसांत तासातासाला थर्मामीटर बुडवायचो, गार पाणी करंगळीएवढ्या धारेनं घ्यायचो, आणि दोन अंशांहून जास्त फरक एका तासात होऊ द्यायचा नाही, हे हाताखालच्या प्रत्येकाला घोकून घोकून शिकवलं. पुढच्या वर्षी सुभेदारांच्या तलावात बीज पडलं. ते मला नमस्कार करून गेले. म्हणाले, "या वेळी ड्यूटी चांगली बजावलीत. मागच्या वेळी त्या मजुरानं घोटाळा केला, असं ऐकलं." मी त्यांना चहा दिला. तेव्हाही मी काही बोललो नाही. तोपर्यंत मी कायम झालो होतो. आता भीती कसली होती, हे मला आजही सांगता येत नाही. एकदा न बोललेलं नंतर बोलणं जड जातं, एवढंच कळतं. दर वर्षी ते जड होत जातं.

चार वर्षांनी माझी बदली सांगलीला झाली. भोई आळी माझ्या ऑफिसपासून पायी वीस मिनिटांवर होती. तिथं जायला मला सहा महिने लागले.

एका रविवारी सकाळी गेलो. विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर एक बाई जाळं विणत बसली होती. मी नाव सांगितलं आणि केंद्राचं नाव घेतलं. तिनं विणणं थांबवलं नाही.

"त्ये शिकाऊ सायेब तुमीच व्हय?"

"हो. आबा आहेत का?"

"न्हाईत. दोन वर्सं झाली. कावीळ झाली, आठ दिसांत संपलं." तिनं जाळं बाजूला ठेवलं. "बसा. च्या टाकते."

मी नको म्हटलं, पण तिनं टाकला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला सोसवेना. चहा पिताना मी कसंबसं म्हटलं, "सरूबाई, ती चावी आबांनी सोडली नव्हती."

"ठावं हाय मला."

"त्यांनी सांगितलं?"

"सांगायचं कशाला? तीस वर्सं बगत हुते मी त्यांचा पान्यातला हात." ती पदर सावरून बसली. "आल्यावर मला म्हनले, सायेब कायम होऊस्तवर दम धर. कायम झाला की खरं सांगंल. मग बोलावनं यील केंद्रावरनं. पैल्या वर्सी आखाड लागला तवा वळकटी बांधून ठिवली हुती त्यांनी. म्हनले, आता अंड्यांचा टाईम झाला, आता कवाबी सांगावा यील. पोस्टमन आळीत शिरला की दारात जाऊन हुभं ऱ्हायाचं."

कपबशी माझ्या हातात होती. ती खाली कुठं ठेवावी तेही मला सुचेना. फाट्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो होतो. त्यांनी आपण होऊन केलं, विचार करून केलं, असं स्वतःला सांगत आलो होतो. ते खरं होतंच. पण त्यांनी त्यात माझ्यावर एक भार टाकून ठेवला होता आणि मी तो उचलेन, याची ते दारात उभे राहून वाट बघत होते.

"नदीवर जायचे ना ते?" मी विचारलं.

"कुनाबरूबर जानार? केंद्रावरनं बातमी आळीत आली. भोयाच्या हातनं माशाची पोरं मेली म्हनं, लाखांनी. जाळ्याला कुनी संगं घेईना त्यास्नी. अपशकुनी म्हनायची. येकलं जायचं, येकलं यायचं. शेवटाला तेबी सोडलं. हितंच बसून दुसऱ्यांची जाळी विनून द्यायचे. ती मातुर न्यायची समदी."

मी म्हणालो, मी साताऱ्याला पत्र लिहितो, खरं काय ते सगळं कळवतो. आणि नंतर लिहिलंही. उत्तर आलं की प्रकरण जुनं आहे, संबंधित मजूर हयात नाही, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. पण त्या सकाळी सरूबाईला साताऱ्याच्या पत्राशी काही देणंघेणं नव्हतं.

"त्ये तुमचं तुमी बगा," ती म्हणाली. "मला हितं कागदावर लिवून द्या. आत्ता."

तिनं आतून नातीची वही आणली, तिच्यातलं एक पान फाडून दिलं. मी ओट्यावर बसून लिहिलं. त्या दिवशी पाणी किती तापलं होतं, आबा काय सांगून पाचट आणायला गेले, चावी कुणी उघडली, अंडी कशानं मेली. अहवाल कुणी लिहिला तेही लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. पान तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्याकडे दिलं.

"मला वाचाय येत न्हाई. वाचून दावा."

मी वाचायला लागलो. पहिली दोन वाक्यं झाली नसतील, तोच तिनं हात वर करून मला थांबवलं. ती उठली आणि ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोरच्या घरापुढे दोन म्हातारे जाळं पसरून बसले होते. शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. आळीच्या टोकाला नळावर चार-पाच बायका होत्या.

"हितं या, कडंला," सरूबाई म्हणाली. "आन् पहिल्यापास्नं वाचा. जरा मोठ्यानं वाचा सायेब. नळापातूर जाऊ द्या."

मी कडेला जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यापासून वाचलं.